साडेचार पानांचा आलाप

अख्ख्या जळगावात माझ्या मामेसासऱ्यांइतका आज्ञाधारक माणूस सापडणार नाही, आणि त्यांच्या आज्ञाधारकपणाने कार्यालयांना जितकं छळलंय तितकं एखाद्या मोर्चानेही छळलं नसेल. डाळमिलमधून निवृत्त झालेले हे गवई रिक्षातून उतरताना सुद्धा सांगतात, "भाऊ, तुझ्या हॉर्नचा पंचम उतरलाय, गॅरेजला दाखव." वर्षातून एकदा गुरूंच्या पुण्यतिथीला त्यांची बैठक होते आणि एरंडोलला पत्र्याच्या पेट्या ठोकणारे चाचा सारंगीची साथ करतात. तीस वर्षं हेच.

यंदा नवा हुकूम निघाला: बैठकीला परवानगी हवी तर जे गाणार ते शब्दन् शब्द आधी लिहून द्या, सरकारविरुद्ध काही नको. मामेसासऱ्यांनी बंदिशीच्या दोन ओळी आणि साडेचार पानं नुसता 'आ' लिहून दिला. अधिकाऱ्याने चष्मा पुसला.

"आबा, तिसऱ्या पानावरचा आ एवढा लांब का?"

"तिथे भावना आहेत, साहेब."

"कोणाच्या विरोधात?"

"ते गाताना ठरेल."

साहेबांनी घाबरून त्यातला अर्धा 'आ' कापला, उरलेल्यावर शिक्का मारला. मग साथीदारांची यादी वाचली आणि चाचांचं नाव खोडलं. "वातावरण तापलंय आबा. हे नाव नको, नाहीतर परवानगी विसरा."

मामेसासरे भडकले, बैठकच रद्द म्हणाले. चाचांनीच गुरूंची आठवण देऊन गायला राजी केलं, "आबा, गुरूनं नाव शे. तुम्ही गावा. माले काही वाटस नही."

दुसरा सारंगीवाला मात्र मामेसासऱ्यांनी आणला नाही. बैठकीला पहिल्या रांगेत पुढारी आणि त्यांची माणसं, शेवटच्या रांगेत मी आणि चाचा. श्रोत्यांची नावं खोडायचं अजून कोणाला सुचलं नव्हतं. मामेसासरे एक ओळ गात आणि सारंगीने उत्तर द्यावं इतका वेळ गप्प बसत. पुढाऱ्यांना वाटे, गाणं संपलं. ते टाळ्या वाजवत, मग त्यांची अख्खी रांग वाजवी. आधी लोक तोंडावर रुमाल धरून हसले. नंतर कोणी हसेना.

शेजारी चाचांच्या डाव्या हाताची नखं सारंगीच्या तारांवर सरकावीत तशी गुडघ्यावर सरकत होती. अशाच एका मोकळ्या सोडलेल्या जागी मामेसासरे थेट आमच्याकडे पाहून म्हणाले, "क्या बात है!"

पुढाऱ्यांनी उठून नमस्कार केला. चाचांनी मान खाली घातली. पुढच्या ओळीची वाट पाहत नखं तशीच गुडघ्यावर टेकून राहिली.