निधानमामा आणि कडक सायकल

सायकलींना घाबरणारा सायकल मिस्त्री मी आयुष्यात एकच पाहिला. सोलापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्या निधानमामांचं दुकान होतं. दुरुस्त केलेली सायकल ते गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत हाताने ढकलत न्यायचे, पण तिच्यावर कधी बसायचे नाहीत. कारण विचारलं तर म्हणायचे, "आत काय काय सैल हुतंय ते मला ठावं हाय की!"

मामा मूळचे कानडी सीमेवरच्या मैंदर्गीचे. निघणाऱ्या प्रत्येकाला ते कानडीत "निधान, निधान" म्हणजे "हळू, हळू" असं बजावायचे. म्हणून ते निधानमामा. सायकल हातात देण्याआधी चाक फिरवून तीनदा ब्रेक दाबायचे. त्याशिवाय सायकल दुकानाची पायरी उतरत नसे.

माझं त्यांच्याशी जमलं, कारण मीही भित्रीच. माझी मुलगी मुक्ता कॉलेजात गेली आणि तिला डोंगरउतारावरच्या सायकल शर्यतींचं वेड लागलं. सरावाला गावाबाहेरची मुरमाची जुनी खाण. तो उतार मी एकदाच पाहिला, पुन्हा तिकडे फिरकले नाही. निदान सायकल तरी पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप असलेली घेऊ, असा मी हट्ट धरला. मुक्ताचं ठरत नव्हतं. मामांनी मात्र मागे शॉकअप नसलेल्या सायकलीवर हात ठेवला.

"मऊ गाडी दगड गिळतीय, अक्का. पोरीला वाटतंय, वाट लई चांगली हाय. मग ती सुसाट सुटतीय. कडक गाडीवर दगड कंबरेला कळतोय. माणूस आपसूक निधान हुतंय."

"आणि कंबर मोडली म्हणजे?"

"भ्या तर वाटणारच की. मला काय कमी वाटतंय व्हय?"

कडक सायकल आली. दर रविवारी खाणीवर जाण्याआधी मी मुक्तासोबत दुकानापर्यंत जायची, मामांचे तीन ब्रेक स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची आणि ती परत येईपर्यंत घरात येरझाऱ्या घालायची.

खंडेनवमीला आमच्याकडे विळी, अडकित्ता, शिलाई मशीन, सगळ्या लोखंडावर तेलाचा हात फिरवून हळदीकुंकू वाहतात. त्या वर्षी सायकलही पाटाशेजारी उभी होती. चाकातली ब्रेकची चकती मला फारच निस्तेज वाटली. फडक्यावर खोबरेल घेऊन मी ती लखलखीत केली. देवी, पोरीला सांभाळ, असंही वर म्हणाले.

दोन दिवसांनी रविवार आला. मामांनी ब्रेक दाबला. चाक फिरतच राहिलं. पुन्हा दाबला, तरी फिरतच राहिलं. त्यांनी चकतीला बोट लावलं, नाकाशी नेलं आणि माझ्याकडे पाहिलं. खंडेनवमीचं ते खोबरेलाचं फडकं मला आठवलं.

"साखळीला तेल देताना माझ्याच हातनं चकतीवर उडालं असंल," ते मुक्ताला म्हणाले.

"मामा! खाणीत उतरणार होते मी! मेले असते की!"

गिऱ्हाइकं बघत होती. मामा मान खाली घालून चकती पुसत राहिले, ब्रेकचे पॅड बदलत राहिले. मी बोलायला हवं होतं. पण लेक पुन्हा माझ्यावर विश्वास ठेवणार नाही, या धास्तीने जीभ उचललीच नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

मामा गेल्या वर्षी वारले. त्यांच्यासमोर खरं बोलायचा दिवस मी पुढे ढकलत राहिले, तो राहूनच गेला.

परवा मुक्ताने नवी सायकल आणली, तीही कडकच. मी चाक फिरवून तीनदा ब्रेक दाबला आणि मला राहवेना.

"मुक्ता, ते तेल मामांनी सांडलं नव्हतं."

"माहितेय मला," हेल्मेटचा पट्टा लावत ती म्हणाली. "त्याच दिवशी खाणीवर चाकाला हात लावला, तर हाताला खोबरेलाचा वास आला. दुकानात कुठलं खोबरेल! परतताना दुकानात थांबून मी त्यांची माफी मागितली. तर तेच म्हणाले, अक्काला बोलू नगं. भ्याली तर तुला परत उतरू देणार न्हाय."

भ्यालेली तर मी होतेच, अजूनही आहे. तरी सायकलीवरचा हात काढला आणि म्हणाले, "निधान."