आबांची गाडी आणि पळपुटं लिंबू

“मिस्तरी, गाडी आजूनबी डावीकडंच कलतीय.”

आबांनी हे म्हटलं तेव्हा माझे दोन्ही हात ग्रीसनं माखलेले होते. पुढचे दोन्ही नवे स्प्रिंग बसवून झाले होते आणि मी कपाळ पुसत शाबासकीची वाट बघत होतो.

मी लांब जाऊन बघितलं. जवळ येऊन बघितलं. खाली बसून, एक डोळा मिटून बघितलं. गाडी डावीकडंच कलत होती, राव!

तीस वर्षं झाली, मांजरसुंब्याच्या चौफुलीजवळ माझं गॅरेज आहे. आणि त्याच दिवशी सकाळी, आबांच्या पोर्चमध्ये चहाला जमलेल्या पंधरा-वीस माणसांपुढं मी छाती ठोकून बोललो होतो, “गाडी सरळ न्हाई झाली तर आजपासून पान्हा खाली ठेवीन.” कोणी विचारलं नव्हतं. तोंडाला लगाम नसला की असं होतं. आता ती सगळी माणसं माझ्या हातातल्या पान्ह्याकडं बघत होती.

खरं तर हे काम गॅरेजमध्ये करायचं. पण पंचायतीची निवडणूक तोंडावर होती आणि आबा उभे होते. ते म्हणाले, “चौफुलीवर माझी गाडी चाकं काढून दिसली की समदीकडं बोंब होईल, आबा बसले म्हणून. तू घरी ये.” म्हणून जॅक, स्टँड, सगळी हत्यारं घेऊन मीच गेलतो.

गाडी जुनी, पांढरी. पुढचे स्प्रिंग म्हणजे जाड सळईची वेटोळी, त्यांच्यावर गाडीचं पुढचं वजन उभं असतं. वर्षानुवर्षं दाब पडला की ती बसतात, परत उठत नाहीत. बारा वर्षं आबा पुढं डाव्या बाजूला बसत आलेले. आबांचं वजन विचारू नका. उजवीकडं ड्रायव्हर नामा, तो म्हणजे तुरकाठी. त्यामुळं आबा आत बसले की बॉनेटवरचा झेंडा डावीकडं मान टाकायचा.

“मग डावाच बदल की बे,” आबा म्हणाले. “उजवा ठणठणीत हाय. त्याला कावून हात लावायचा?”

“आबा, एका पायात नवी चप्पल आन् एका पायात झिजलेली घालून चालता का तुमी? स्प्रिंग जोडीनंच बदलायचे असतेत.”

हे त्यांना पटलं. कामाला लागलो. गाडी जॅकवर उचलली, खाली स्टँड लावले, मागच्या चाकांना दगड लावले. चाक काढून आतला अख्खा दांडा बाहेर घेतला. त्याला स्ट्रट म्हणतात, स्प्रिंग त्याच्यावरच चढवलेला असतो. आता इथं खरा धोका. स्प्रिंग दाबलेला असतो. शिकंज्यात धरून तो आणखी आवळल्याशिवाय वरचा नट सोडला, तर तो सुटतो आणि समोरच्याच्या डोक्याचा नारळ फोडतो.

“लांब व्हा समदे!” मी ओरडलो. सगळे एक पाऊल मागं गेले आणि नीट दिसावं म्हणून दोन पावलं पुढं आले. अशा कामाला बिनमजुरीचे सल्लागार लई मिळतात.

त्यात एक वैताग वेगळाच. खाली ठेवलेला नट दर वेळी गायब! घरंगळत थेट स्वयंपाकघराच्या दारात जायचा. आबांच्या मंडळी, आक्का, तो आणून द्यायच्या. तिसऱ्यांदा मी चिडलो, “कोण लाथ मारतंय बे?” सगळ्यांनी शेजाऱ्याकडं बघितलं. आक्का मात्र पदर तोंडाला लावून हसल्या. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. पण अक्कल आणि एसटी, दोन्ही वेळेवर येत नाहीत.

तर सगळं बसलं, आणि गाडी कललेली.

मी टेप काढला. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्हीकडं मोजलं. जवळपास सारखं. “आबा, मापात हाय.”

“टेप बिघडला आसंल,” आबा म्हणाले. त्यांनी घरातून ओळंबा आणला. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोरीला वजन बांधून सोडतात, तो. नंबरप्लेटच्या कडेला धरला. दोरी सरळ, प्लेट तिरपी. गर्दीतून “आरारारा” असा आवाज आला.

मी डावी बाजू परत खोलली. स्प्रिंगचं टोक खाचेत नीट बसलंय का बघितलं. बसलं होतं. परत लावली. परत तेच. उद्या चौफुलीवर कुणाला तोंड दाखवू? घाबरत घाबरत म्हणालो, “आबा, फरशी तर...”

“फरशी?” आबा गरजले. “ती म्या सोता उभं ऱ्हाऊन बसवलीय. गवंड्याला हाकलून दिलतं. लेव्हल माझ्या डोळ्यात हाय!”

निवडणुकीच्या तोंडावर उमेदवाराच्या डोळ्याला कोण खोटं म्हणणार? मी पान्हा फडक्यात गुंडाळला आणि खाली ठेवायला वाकलोच होतो.

तेवढ्यात आक्का ताटात हळदकुंकू आणि लिंबू घेऊन आल्या. “मिस्तरीभाऊ, सरळ आसू का वाकडी, काम झालंय ना? मग चाकाखाली लिंबू ठिवा. बिनलिंबाची गाडी हालू देणार न्हाई मी.”

आमच्याकडं गाडीचं मोठं काम झालं की पुढच्या चाकापुढं लिंबू ठेवून चिरडतात. मी ठेवलं. लिंबू निघालं. मी उचलून परत ठेवलं. परत निघालं, जरा जोरात. माणसं कुजबुजायला लागली, “देवाला मान्य न्हाई.” नामानं तर गाडीतनं उतरून हात जोडले. तिसऱ्यांदा ते शहाबादी फरशीवरून टुणटुण करत थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला जाऊन टेकलं.

“तिकडंच जाणार ते,” आक्का सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. “बारा वरसं झाली, पोर्च धुतला की पाणी माझ्या चुलीकडं येतंय. ह्यास्नी सांगून सांगून जीभ झिजली. गाडी न्हाई, फरशी वाकडी हाय!”

पोर्चमध्ये कोणाला तरी खोकला आला. मग सगळ्यांनाच आला. मी तर रडायच्या बेतात होतो, आनंदानं. त्या माऊलीच्या पाया पडावं असं वाटलं.

आबा लाल झाले. “नामा, गाडी भायेर काढ!” या वेळी लिंबाला दगडाचा टेकू दिला, नामानं ते चिरडलं आणि पेट्रोल पंपाच्या सपाट काँक्रिटवर गाडी उभी केली. ओळंबा धरला. दोरी आणि प्लेट, दोन्ही सरळ. आबा आत बसले. झेंडा ताठच. फक्त आबा उजवीकडं नामाच्या खांद्यावर रेलले, कारण बारा वर्षं कललेल्या गाडीत ते तसंच तोल सावरून बसत होते. “आबा, सरका की,” नामा गिअर शोधत म्हणाला.

पण माणूस खरा पुढारी. संध्याकाळी पारावर त्यांनीच सांगितलं, “मिस्तरीनं गाडी आशी सरळ केली, की माझं घर वाकडं दिसाया लागलं.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. फरशीचं काम मात्र आक्कांनी मतदानाच्या आधीच सुरू करून घेतलं. त्या म्हणाल्या, “नंतर कोण पुसतंय?”

चूक माझीच होती. गाडी मोजायच्या आधी जमीन बघायची, हा धंद्यातला पहिला धडा, आणि मी तीस वर्षांनी शिकलो. आता कुणाच्या घरी कामाला गेलो की हत्यारं काढायच्या आधी फरशीवर एक लिंबू ठेवतो आणि टक लावून बघत बसतो. गिऱ्हाईकं म्हणतात, मिस्तरी लई देवभोळा. म्हणू देत.