समोरच्या घरचं विरजण

सुमे, लग्न होऊन मी पनवेलला निघाले तेव्हा तू एसटीच्या खिडकीला धरून रडत होतीस. आई एवढंच म्हणाली, "तिथं कुनाला तरास देऊ नको." मी ते मनावर घेतलं. नऊ वर्षं झाली, या इमारतीत मी कुणाच्या दाराची बेल वाजवलेली नाही.

माणुसकी हा शब्द आईच्या तोंडी बहुतेकदा 'नाय' लावूनच यायचा. कुणी पाणी न विचारता दारातून परत पाठवलं की, "त्यांच्यात माणुसकी नाय." इथे स्टँडकडे जाताना एका भिंतीवर हाच शब्द मोठ्या अक्षरांत रंगवलाय. नको असलेले कपडे तिथे टांगायचे, लागतील त्यांनी न्यायचे. मी दुपारी, कुणी नसताना, इस्त्री केलेल्या साड्या टांगून येते. वाटायचं, झाली आपली माणुसकी.

मग डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तू आईला घेऊन आलीस. पहिल्याच संध्याकाळी वाटी घेऊन समोरच्या रेहानाचाचींकडे विरजण मागायला गेलीस. फ्रिजमध्ये दही होतं, सुमे. मी सांगितलंही. "असू दे गं," म्हणालीस आणि तासाभराने परतलीस. चाचींचा मुलगा कुवेतला असतो, त्यांचा गुडघा दुखतो, हे मला तुझ्याकडून कळलं. चौथ्या दिवशी त्या आईसाठी तांदळाची वाफवलेली सांदणं घेऊन आल्या. त्या गेल्यावर आई म्हणाली, "माज्या सुमनमदे माणुसकी हाय." तेव्हा मी तिच्या डोळ्यात औषध घालत होते. थेंब गालावर पडला.

तुम्ही गेलात त्याला महिना झाला, हेवा काही गेला नाही. आईने सांगितलं ते मी पाळलं, आणि शब्द तुला मिळाला.

काल घरातलं दही मुद्दाम संपवलं, खोटं बोलायला नको म्हणून. वाटी घेऊन गेले. चाची म्हणाल्या, "सुमनची बहीन ना तू? ये, बस. सुमन कधी येतेय?" अर्धा तास तुझंच कौतुक. मला झोंबत होतं, तरी बसून राहिले. निघताना वाटीत विरजण घालत त्या हळूच म्हणाल्या, "आमाला वाटायचं बेटा, तुला आमच्या घरचं चालत नाय."

वाटी दोन्ही हातांत घेतली. मी फक्त त्रास देत नव्हते.

आज दही छान लागलंय. गावी आता मी पाहुणी असते, दोन दिवसांत निघणारी. इथे निदान एका घरात सुमनची बहीण झालेय. पुढच्या वेळी तू येशील, तेव्हा चाचींनी तुला माझी बहीण म्हणावं. मला तेवढंच हवंय.