चौदाव्या पानावरचे बूट

बाकी कशात चुकला असेल तर असेल, पण कॉमिक्सच्या बाबतीत पेंटरचा शब्द कधी खाली पडला नव्हता. चाळीस वर्षं त्याने दुकानांचे बोर्ड रंगवले आणि तितकीच वर्षं झगे घालून उडणाऱ्या, भिंती फोडणाऱ्या, जग वाचवणाऱ्या लोकांची कॉमिक्स वाचली. चौकातल्या कॉमिक्सच्या दुकानात एक फळा होता. त्याच्या वरच्या कडेला पेंटरनेच रंगवलेली अक्षरं होती, 'पेंटरचं मत', आणि त्याखाली दुकानदार दर शनिवारी खडूने लिहायचा. 'घेऊ नका, चित्रं घाईत काढलीत.' 'घ्या, पण शेवटची चार पानं वाचू नका.' लोक आधी फळा वाचायचे, मगच कपाटाला हात लावायचे.

मग काचबिंदूने त्याचे डोळे नेले. आधी कडा गेल्या, मग मधलंही गेलं. लग्न त्याने केलं नव्हतं, तेव्हा जाणार कुठे? तीन वर्षांपूर्वी तो दोन पेट्या कॉमिक्स आणि एक पेटी कपडे घेऊन बहिणीकडे राहायला आला. ही बहीण त्याच्याहून दहा वर्षांनी लहान, म्हणून लहानपणापासून 'बारकी'. आता बारकी चौपन्न वर्षांची होती आणि कुठल्याच बाजूने बारकी राहिली नव्हती, पण दादाने काही हाक बदलली नाही.

बारकी तयार कपड्यांच्या एका मोठ्या दुकानाच्या तळघरात शिलाई मशीनवर बसायची. वर गिऱ्हाइकाने पँट घ्यायची, खाली हिने ती दोन बोटं आखूड करायची. कुणाची कंबर सोडायची, कुणाच्या बाह्या घ्यायच्या. सकाळी दहाला पाय मशीनच्या पेडलवर ठेवला की संध्याकाळी सहाला काढायचा, आणि काढला की तो आपलाच आहे का हे जरा वेळ बघावं लागायचं. अशा बाईने शुक्रवारी संध्याकाळी घरी येऊन, चहा करून, भावाला कॉमिक्स वाचून दाखवायची. का, तर शनिवारी दादाला मत द्यायचं असतं. सगळं गेलं तरी तो फळा राहिला होता. आठवडाभर खिडकीशी बसून राहणारा माणूस शनिवारी दाढी करायचा तो त्या फळ्यासाठी, हे तिला दिसत होतं. म्हणून ती वाचायची.

पण कॉमिक वाचून दाखवायचं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. "वर डावीकडे चौकोन. त्यात इमारत. इमारतीवर जांभळ्या उभा." जांभळ्या म्हणजे जांभळ्या झग्याचा एक वीर, दादाचा तरुणपणापासूनचा लाडका. "खालच्या चौकोनात जांभळ्या उडाला. पुढच्यात ठोसा. पुढच्यात पण ठोसा." बारा बारा पानं नुसती मारामारी. तिच्या नाकी नऊ यायचे.

दादाही काही खूष नसायचा. हल्लीच्या कॉमिक्सवर त्याचा भारी राग. हल्ली कुणी धड मरत नाही म्हणायचा. मेला तरी सहा महिन्यांत दाढी वाढवून परत हजर. एका अंकाला सहा मुखपृष्ठं, आत गोष्ट एकच, आणि तीही अर्धी. बेटांवरच्या राण्यांची एक मालिका होती, तिच्यात दर अंकात नवा नकाशा यायचा आणि राणी मात्र तीन वर्षं झाली तरी बोटीतून उतरलेली नव्हती. एकदा बारकीने वैतागून सांगितलं, सगळं पान काळंकुट्ट रंगवलंय, कोण कुणाला मारतंय काही दिसत नाही. तर म्हणाला, बरं झालं, म्हणजे माझं काही बिघडलेलं नाही. पण त्याची सगळ्यात जुनी तक्रार वेगळीच होती. जग वाचवून वाचवून ही माणसं दमत कशी नाहीत, असं तो दर महिन्याला विचारायचा. बारकी पान उलटायची.

त्या शुक्रवारी दुकानात सेल सुरू होता. तिने दिवसभरात किती पँटींचे पाय उलटे केले ते तिलाच ठाऊक. जांभळ्याचा नवा अंक घेऊन बसली आणि तेराव्या पानावर, ऐन मारामारीत, तिचा डोळा लागला.

"मग?" दादाने विचारलं.

ती दचकली. पान कुठलं, चौकोन कुठला, काही कळेना. तोंडाला आलं ते तिने सांगून टाकलं. म्हणाली, मग जांभळ्या एका गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून बसला. बूट काढायला लागला, तर निघेनात. कसेबसे ओढून काढले. मोज्याचा काठ घोट्यावर रुतला होता. त्याने बोटाने पाय दाबून बघितला, तर खळगा पडला आणि लवकर भरून येईना. तो त्या खळग्याकडे बघत बसला. खाली शहरात कुणीतरी त्याला हाका मारत होतं, पण तो लगेच उठला नाही.

दादाने पान कितवं ते विचारलं; तिने चौदावं सांगितलं. मग म्हणाला, परत वाच. तिने परत तेच सांगितलं. आता काय करणार? त्याचा चेहरा असा झाला होता की खरं बोलायला तिची जीभ रेटेना. तिने उरलेली पानं भराभर संपवली.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं गेलं: 'दहा वर्षांतला सगळ्यात चांगला अंक. चौदावं पान बघा. जांभळ्या दमला.'

बुधवारी कॉमिक्सचा दुकानदार तळघराच्या पायऱ्या उतरून थेट बारकीच्या मशीनपाशी आला. बिचारा भला माणूस, बोलायला अवघडत होता. सांगत होता की लोक अंक परत आणून दाखवतायत, बूट कुठल्या पानावर आहेत म्हणून विचारतायत. त्याला आधी वाटलं, आपल्या अंकांत पान कमी आलंय. त्याने पाठवणाऱ्यांकडे चौकशीसुद्धा केली. पण पानं पुरी होती. चौदाव्या पानावर जांभळ्या एका ट्रकने दुसऱ्या ट्रकला मारतोय.

"ताई, लोक म्हणतायत पेंटरचं डोकं फिरलं," तो म्हणाला. "शनिवारी त्याच्या तोंडावर म्हणतील. त्याच्या आधी तुम्ही बघा काय ते."

तो गेल्यावर तिने एका पँटीचा एकच पाय दोनदा आखूड केला. बावीस वर्षांत अशी चूक तिच्या हातून झाली नव्हती.

शुक्रवारी चहा पुढे ठेवून तिने सगळं सांगितलं. झोप लागली इथपासून ट्रकपर्यंत.  मग दादाने अंक मागून घेतला, पानं मोजत मोजत चौदाव्यावर आला आणि त्या गुळगुळीत कागदावरून तळहात फिरवला, जणू बूट तिथे असतील तर लागतील.

"नसलेल्या चित्राला मी चाळीस वर्षांत कधी चांगलं म्हटलं नव्हतं," तो म्हणाला. "माझ्याकडे आता दुसरं होतं काय, बारके?"

ती रडली. तो काही तिला समजवायला आला नाही. जेवलाही नाही.

शनिवारी मात्र त्याने दाढी केली. तिच्या कोपराला धरून दुकानात गेला. सात-आठ जण होते, ते बाजूला सरकले. दादा फळ्यापाशी उभा राहिला आणि दुकानदाराला म्हणाला, मागच्या शनिवारचं पुसा, मी अंक न वाचता मत दिलं. बारकी बोलायला गेली, तर त्याने तिचं कोपर घट्ट दाबलं. मागे कुणीतरी हसलं. दुकानदाराने फडक्याने फळा पुसला आणि विचारलं, मग आज काय लिहू? दादा म्हणाला, आज काही लिहू नका. इतक्या वर्षांत फळा पहिल्यांदाच कोरा राहिला.

घरी आल्यावर त्याने अंक तिच्या हातात दिला. पहिल्यापासून वाच, म्हणाला, आणि आहे तसा. तिने वाचला. एकही ठोसा सोडला नाही. चौदाव्या पानावर ट्रकने ट्रकला मारलं, तेही सांगितलं. शेवटी जांभळ्या उडून गेला, आणि तळाशी लिहिलं होतं की खरी लढाई आता सुरू होणार.

"भिकार आहे," दादा म्हणाला.

"हो," ती म्हणाली.

दोघंही थकून बसून राहिले. बाहेर कुणीतरी सायकलचं कुलूप लावत होतं. मग दादा आपल्या खुर्चीवरून उठला, हाताने चाचपत तिच्या खुर्चीपर्यंत आला आणि गुडघे धरत धरत खाली जमिनीवर बसला. तिला वाटलं, काहीतरी पडलं म्हणून शोधतोय. त्याचा हात तिच्या चपलेला लागला, तिथून घोट्यावर आला. त्याने अंगठ्याने दाबलं, अंगठा उचलला, आणि तिथेच बोट फिरवत खळगा भरून यायची वाट बघत राहिला.

"हे कधीपासून?" त्याने विचारलं.

बारकीला खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, "झाली तीन वर्षं."