बाबांच्या आवाजात मेडिक्लेम

विम्याचा विषय काढला की तुम्हाला वाटणार, आता कोणीतरी आजारी पडणार, मग मरणार, मग घरातले रडणार. नाही हो, कोणी मरत नाही यात. तरी माझी जाम तंतरलेली, ते पण माझ्याच एका फोनमुळे.

बाबा कोलशेतच्या एका कंपनीत होते. रिटायर व्हायला दोन महिने राहिलेले. तोवर दवाखान्याचं बिल कंपनी भरायची. पुढे काय, या धास्तीने त्यांनी मेडिक्लेम काढायचं ठरवलं. तेव्हा विमा कंपन्या सगळ्या सरकारी, भाव सगळीकडे तोच. फरक एवढाच, की कुठला एजंट आपल्या कमिशनमधून किती सोडतो. उघड कोणी बोलायचं नाही, पण विचारायचे सगळे. बाबांना मात्र लाज. "भाजी घेतोय का मी?" म्हणायचे.

म्हटलं, आपण विचारू. डोंबिवली स्टेशनबाहेरच्या पीसीओवरून, बाबांच्या आवाजात. माझ्या नकलांना कॉलेजात बाकं वाजायची, बाबा काय, डाव्या हाताचा मळ.

पहिले दोघं एजंट काहीच सोडेनात. तिसरा नौपाड्यातला, गोड बोलायचा. "साहेब, तब्येत कशी आहे आपली?" मी रंगात आलेलो. बाबा जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबतात, कठडा धरतात, दोन शब्दांमागे एक श्वास घेतात. तस्संच केलं. "तशी... ठणठणीत... फक्त जिना..." पीसीओवाला पोट धरून हसला. एजंट हसला नाही. कमिशन सोडायला तयार झाला आणि रविवारी फॉर्म घेऊन घरी येतो म्हणाला. घरी मी फक्त एवढंच सांगितलं, की चांगला एजंट मिळालाय.

रविवारी चहा पिता पिता त्याने फॉर्म उघडला. "साहेब, फोनवर आपल्याला दम लागत होता. चढताना छातीत दुखतं का?"

मला वाटलं, बाबा विचारणार, कुठला फोन? पण त्यांनी बशी खाली ठेवली. आईकडे न बघता म्हणाले, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

ते जिन्यात थांबणं मी त्यांची स्टाईल समजत होतो.

एजंटने पेन खिशात ठेवलं. "आधी कार्डिओग्राम काढा. लपवलंत तर क्लेम नाकारतील. लिहिलंत तर हृदयाचा खर्च वगळून पॉलिसी देतील." म्हणजे मी मिळवलेल्या स्वस्त भावात नेमकं हवं तेच नव्हतं. कोरा फॉर्म उचलून तो गेला.

"किती दिवस दुखतंय?" आईने विचारलं.

"दिवाळीपासून. कंपनीच्या डॉक्टरकडे गेलो आणि त्याने कागदावर लिहिलं, तर विमा कोण देणार, सांग?"

"विमा गेला खड्ड्यात. अजून दोन महिने बिल कंपनीचं आहे ना? उद्याच जायचं."

बाबा रिकामा कप उगाच बशीत फिरवायला लागले. त्यांना एवढं घाबरलेलं मी कधी बघितलं नव्हतं. मला राहवेना. "फोन मी केलेला," म्हटलं. "बाबांची नक्कल करून."

आई उठून उभी राहिली.

"दुसऱ्या मजल्यावर थांबतात ते तुला दिसलं. कठडा धरतात ते दिसलं. श्वाससुद्धा मोजलेस, मेल्या! पीसीओवर जाऊन लोकांना करून दाखवलंस. आणि मला येऊन सांगायला तोंड नव्हतं तुला?"