मर्व्हिन गेटनबीचं देखणं घर

आमच्या शेजारचं घर गावातलं सगळ्यांत देखणं घर होतं. टास्मानियाच्या उत्तर किनाऱ्यावर अशी घरं आता फार उरली नाहीत. फिकट पिवळ्या लाकडी फळ्या, रुंद व्हरांडा, मागे अक्रोडाचं झाड आणि स्वैपाकघराच्या खिडकीतून थेट समुद्र. रस्त्याने जाणारे गाडी थांबवून फोटो काढायचे. असं घर विकायला काढून पाच महिने झाले तरी विकलं गेलं नाही, तेव्हा गावाला आयताच विषय मिळाला.

घर मर्व्हिन आणि नोएलीन गेटनबीचं. मर्व्हिन चाळीस वर्षं बांधकाम तपासनीस होता आणि निवृत्त झाल्यावरही त्याचे डोळे निवृत्त झाले नव्हते. आमच्या वास्तुशांतीला आला, हातावर तीर्थ घेतलं, प्रसाद खाल्ला, आणि निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "पूजा छान झाली. संडासातला पंखा उलटा बसवलाय." खरंच उलटा होता.

नोएलीनचे गुडघे गेले होते, बागेत वाकवत नव्हतं. मुलगी लॉन्सेस्टनला. तिच्या जवळ एक छोटा फ्लॅट बघून ठेवला आणि घर विकायचं ठरलं. एजंट ट्रूडी मॅस्लन घर बघून इतकी खूश झाली की म्हणाली, "शनिवारी दाखवायचं, सोमवारी सह्या." पहिल्या शनिवारी आमच्या गल्लीत गाड्या लावायला जागा नव्हती. सोमवारी कुणाचा फोन आला नाही. त्याच्या पुढच्या सोमवारीही नाही.

मग गावाने कारणं शोधायला घेतली. खाटकाच्या मते घराखाली जुनी विहीर होती. पोस्टातली बाई म्हणाली, अक्रोडाची मुळं घराच्या पायात शिरलीत. एका परक्या बाईने तर मला कुंपणावरून हळूच विचारलं, "त्या घरात कुणी गेलंबिलंय का हो?"

"मर्व्हिनची सासू गेली," मी म्हटलं, "पण ती डेव्हनपोर्टला."

शेवटी एका शनिवारी मीच बघायला गेलो. मर्व्हिन टाय लावून दारात उभा होता आणि ट्रूडीच्या आधी तोच लोकांना घर दाखवत होता. मेलबर्नहून आलेलं एक जोडपं स्वैपाकघरात समुद्राकडे बघत उभं होतं.

"काय खिडकी आहे," ती बाई म्हणाली.

"खिडकी छानच आहे," मर्व्हिन म्हणाला. "पण ऑगस्टात पश्चिमेचा वारा सुटला की शिट्टी मारते. थांबा, ऐकवतो." आणि त्याने ओठांचा चंबू करून ती शिट्टी अगदी हुबेहूब वाजवून दाखवली. मग दोन पानी यादी त्यांच्या हातात ठेवली. घराचे एक्केचाळीस दोष, खोलीवार.

त्या नवऱ्याने यादी वाचली, छताकडे बघितलं आणि जरासा दाराकडे सरकला.

लोक गेल्यावर ट्रूडी मटकन खुर्चीत बसली. "मर्व्ह, चाळीस दोष तर कुठल्याही घरात असतात रे. लोक ते तोंडाने म्हणत नाहीत, एवढंच."

"म्हणून तर मी म्हणतो."

नोएलीन ओट्याशी उभी होती. "खरं सांग मला. तुला जायचंच नाहीये ना इथून?"

"जायचंय. कुणाला फसवून जायचं नाही."

यामागे एक जुनी जखम होती. हे घर त्यांनी घेतलं तेव्हा मर्व्हिन नुकताच तपासनीस झाला होता. विकणाऱ्याने जेवणघरात गालिचा अंथरला होता आणि तपासनीस साहेबांनी तो उचलून बघितला नव्हता. पहिल्याच रविवारी सासूबाई जेवायला आल्या. मटणाचं ताट पुढे आलं आणि खुर्चीचा मागचा पाय गालिच्याखालची कुजकी फळी फोडून खाली गेला. खुर्चीबरोबर सासूबाईही. त्यांना काही झालं नाही, पण हे जावयाने ठरवून केलं, असं त्या पुढची सव्वीस वर्षं प्रत्येक नाताळला सांगत राहिल्या. तेव्हापासून मर्व्हिनने दुसऱ्याच्या घरातला गालिचा कधी न उचलता सोडला नाही.

पुढच्या शनिवारी नोएलीनने युक्ती केली. घर बघायच्या वेळेला मर्व्हिनला गाडीत घालून पलीकडच्या गावातल्या बेकरीत नेलं. तो इतक्या सहज गेला, तेव्हाच तिला शंका यायला हवी होती. ट्रूडीने दार उघडलं तर घरभर पिवळ्या चिठ्ठ्या. 'हे दार जुलैत अडकतं.' 'या नळाला गरम पाणी यायला दीड मिनिट लागतं.' ती लोकांच्या पुढे पळत एकेक चिठ्ठी काढत गेली. एक मात्र राहिली. संडासात, बसल्यावर बरोब्बर नजरेसमोर येईल अशी: 'डावीकडे झुकू नये.' ती वाचून बाहेर आलेले गृहस्थ आल्या पावली गेले.

ट्रूडी काम सोडायच्याच बेतात होती, तेव्हा स्टाव्ह्रूला कानेलीस आली. पन्नाशीची बाई, मेलबर्नला बस चालवायची, आता आमच्याकडच्या बसमार्गावर बदली मागून घेतलेली. अंगात जुना डगला, हातात बॅटरी. समुद्राकडे तिने ढुंकूनही बघितलं नाही. मर्व्हिनने यादी दिली, तर ती उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचली.

"एकोणिसावा नीट कळला नाही. ओल आतून आहे की बाहेरून?"

मर्व्हिनला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. त्याने टाय सैल केला. "बाहेरून. पन्हळ तुंबली की."

"बरं. घराखाली शिरायचं दार कुठंय?"

दोघं घराखाली गेले. आमच्याकडची जुनी घरं जमिनीपासून थोडी वर, लाकडी खुंटांवर उभी असतात. नोएलीन, ट्रूडी आणि मी वर स्वैपाकघरात चहा घेत होतो आणि त्यांचे आवाज फळ्यांतून वर येत होते. पाइप, तुळया, वाळवी, सगळ्यांची चौकशी झाली.

"हा कोपऱ्यातला खुंट बघितलात का?" स्टाव्ह्रूलाचा आवाज आला.

"बावीसच्या बावीस खुंट बघितलेत मी."

"मग याच्याखाली हात घाला. जमिनीला टेकलेलाच नाही हा. यानं घराला धरलेलं नाही, घरानं याला धरलंय."

खाली माती खरवडल्याचा आवाज येत राहिला. तो इतका लांबला की नोएलीनने पायाने फळीवर ठोकलं. "मर्व्ह? आहेस ना?"

"आहे," आवाज आला.

वर आला तेव्हा केसांत कोळिष्टकं होती. त्याने खिशातलं पेन काढलं, यादीत बेचाळिसावा दोष लिहिला, खाली तारीख आणि सही केली आणि म्हणाला, "नोएलीन, मलाही चहा दे."

स्टाव्ह्रूलाने तिथेच घर घेते म्हणून सांगितलं, आणि ट्रूडी मागत होती त्याच किमतीला. ट्रूडीने तिला दोनदा विचारलं, चेष्टा नाही ना म्हणून. "महिनाभर घरं बघतेय," स्टाव्ह्रूला म्हणाली. "प्रत्येक जण सांगतो, आमच्या घरात काहीच बिघाड नाही. मग सगळं मलाच शोधत बसावं लागतं. इथं एकच शोधावा लागला. त्या खुंटाखाली मी पाचर मारून घेईन."

"पाचर मी मारणार," मर्व्हिन म्हणाला. आणि एका पाचरेला त्याने दोन दिवस लावले.

पाचर बसली त्या संध्याकाळी, हातातली माती झटकत तो कुंपणापाशी आला. "तुला म्हणून सांगतो," तो म्हणाला. "नोएलीनचं थोडं खरं होतं. या घराचं मला सगळं माहीत आहे, आणि ते सगळं माहीत असलेला मीच निघून जाणार, हे काही बरोबर वाटत नव्हतं. आता ती बाई आहे. तिला माझ्यापेक्षा एक गोष्ट जास्तच माहीत आहे."

"वाईट वाटलं का?"

"दोन दिवस वाटलं," तो म्हणाला. "आज चांगली भूक लागलीय."

कागदपत्रं झाल्यावर एका गुरुवारी ते गेले. नोएलीनने बागेतल्या हायड्रेंजियाच्या चार फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतल्या होत्या आणि डोळे पुसत होती. मर्व्हिन गाडी चालवत होता. कोपऱ्यावर त्याने गाडी थांबवली, खाली उतरला आणि मागच्या ट्रेलरवरच्या गादीची दोरी आवळायला लागला. दोरी मीच बांधली होती, सैल नव्हती. तरी तो बराच वेळ ती आवळत राहिला. शेवटी नोएलीनने हात लांब करून हॉर्न वाजवला.