टायरांवरच्या होडीतलं पाणी

इथले अनुभव मी नेहमी वाचते आणि दोन ओळींतच कारण शोधायला लागते. उंदीर असेल, वायरिंग असेल, उपाशीपोटी जागरण झालं असेल. आमच्याकडे कोणी उतारा ओलांडून आजारी पडलं, तर मी आधी थर्मामीटर काढते. अंगारा-धुपारा कधी केला नाही, हे घडल्यावरही केलेला नाही. तरी लिहिते आहे... कारण या वेळी सगळी कारणं लावून पाहिली आणि एकही बसलं नाही.

आधी जागा समजून घ्या. आमचं गाव चिखली तालुक्यात, धरणाच्या फुगवट्याला लागून. धरण झालं तेव्हा गाव अलीकडे राहिलं आणि निम्मी शेतं पलीकडे गेली. रस्त्याने वळसा घातला तर शेतात पोचेपर्यंत ऊन डोक्यावर येतं, म्हणून पेरणीपासून कापूस वेचणीपर्यंत बायका होडीनेच जातात. होडी चालवतात माझे धाकटे दीर, गजूभाऊजी. बाकी सगळं माझ्याकडे — डिझेल, लाइफ जॅकेट, कोण कोणत्या खेपेला.

जुनी लाकडी होडी मोडीत निघाली तेव्हा आम्ही रायगडकडून एक वापरलेली फायबरची होडी आणली. तिच्या डेकवर पाणी बाहेर जायला चार मोऱ्या आहेत. प्रत्येक मोरीचा पाइप डेकखालच्या पोकळीतून जाऊन होडीच्या कडेला बाहेर निघतो. माणसं जास्त झाली की होडी खाली बसते आणि त्याच मोऱ्यांतून पाणी उलटं वर येतं. आमच्या बायकांनी आपला इलाज केला — कापसाचे बोळे! वेचणीला कमरेला बांधलेल्या ओट्यात कापूस असतोच. मग डेकवर पाणी तुंबायचं, पाइपांच्या तडकलेल्या सांध्यांतून पोकळीत झिरपायचं आणि होडी दिवसेंदिवस जड व्हायची.

मे महिन्यात होडी ट्रॅक्टरने ओढून घरामागच्या शेडमध्ये आणली आणि टायरांवर ठेवली. धरणाचं पाणी तेव्हा पार आटून दूर गेलेलं, विहीर कोरडी, पिण्याचं पाणी टँकरचं.

मागच्या दोन मोऱ्या सहज दुरुस्त झाल्या. पुढच्या दोन्हींचे सांधे होडीच्या नाकाखालच्या बंद कप्प्यात होते. तिथे जायला एक झाकण, तेही एका माणसाने पोटावर सरपटत शिरावं एवढंच. उन्हात फायबर चिकटवायचं रेझिन डब्यातच घट्ट होतं, म्हणून सकाळीच कामाला लागलो. शेजारच्या कांताबाई येऊन उभ्या होत्या. त्यांचं शेत पलीकडे.

"बाई, होडी कधी पान्यात जाईन?"

"मिरगाच्या आधी जाते, कांताबाई."

"माही बायको म्हनते मी कामात अंग चोरतो," भाऊजी झाकणातून आत शिरता शिरता म्हणाले. "आता पाहा म्हना, किती अंग चोरून राह्यलो!"

"तोंड बंद करा अन् पट्टी धरा, भाऊजी."

गुडघ्यापर्यंत ते आत गेले, पाय बाहेर. एक सांधा आदल्या सकाळीच झाला होता; मी डेकवर उरलेल्या मोरीच्या भोकापाशी बसले. जुना पाइप कापून काढला होता, त्यामुळे वरचं भोकही उघडं आणि कडेचंही. वाकून पाहिलं की आत उजेड दिसायचा. मी फायबर मॅटच्या पट्ट्या रेझिनमध्ये भिजवून वरून द्यायची, ते आतून लावायचे. पहिली पट्टी लागली. दुसरी सरकवली, पण ती घ्यायला हात आला नाही.

"भाऊजी, धरा ना."

भोकातून गुळगुळ आवाज झाला आणि पाणी वर आलं.

थंड, स्वच्छ, वर थोडा फेस. ते डेकवर पसरलं, माझे गुडघे भिजले. पहिला विचार आला, आत पाण्याची बाटली लवंडली. पण तसं असतं तर पाणी कडेच्या भोकातून खाली गेलं असतं. मी कडेला पाहिलं. भोक उघडंच होतं आणि त्यातून एक थेंबही गळत नव्हता.

तेवढ्यात भाऊजींचे पाय झाडायला लागले. मी आणि कांताबाईंनी एकेक घोटा धरला. आम्ही ओढू तसे ते जास्तच लाथा मारायचे.

"अवं माय, हा तं आतच जाऊन राह्यला!" कांताबाई किंचाळल्या.

"सोडू नका! काही झालं तरी सोडू नका!"

ते बाहेर आले तेव्हा कमरेची सालं निघाली होती. अंगावरचा प्रत्येक कपडा निथळत होता, ओठ निळे. कुशीवर वळवून पाठीवर थापा मारल्या, तर त्यांनी भडाभडा पाणी ओकलं. माझ्या तोंडावर उडालं. खारट होतं... डोळ्यांत झोंबण्याइतकं खारट.

त्यांचा श्वास सुरळीत झाल्यावर मी बॅटरी घेऊन कप्प्यात पाहिलं. आत कोरडं ठणठणीत! घासकामाची पांढरी पूड जशीच्या तशी पसरलेली. फुंकर मारली तर उडाली.

चिखलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहिला आणि विचारलं, "कुठं बुडाले? विहिरीत की धरणात?"

"घरी. शेडमध्ये."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "ताई, छातीत पाणी आहे. खरं काय ते सांगा."

मी रेझिनचं सांगितलं. ते म्हणाले, कोंडलेल्या जागेत अशा वाफेनेही छातीत पाणी होऊ शकतं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पण वाफेने केस ओले होत नाहीत. आणि दवाखान्याच्या कठड्यावर वाळत घातलेला त्यांचा शर्ट मिठाने पापडासारखा कडक झाला होता.

बोलता यायला लागल्यावर भाऊजींनी मला एकटीला सांगितलं.

"वहिनी, आत अंधार नव्हता. हिरवा उजेड होता. अन् होडी माह्या डोक्यावर होती... तिचा तळ दिसे मले. मी वर जायाले पाहो, तं कोनीतरी पाय धरून खाली वढे."

"ते आम्ही होतो, भाऊजी."

"आता समजलं. तवा नाही समजलं. म्हनून लाथा मारल्या."

ज्याच्याकडून होडी घेतली त्याला फोन केला. त्याने शपथेवर सांगितलं, त्या होडीत कोणाला कधी खरचटलंसुद्धा नाही. मला तो खोटं बोलतो असं वाटलं नाही.

आमचे हे म्हणाले, विकून टाक. पण विकायची म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी दीर त्या झाकणातून आत घालायचा! आणि मृग तोंडावर आलेला. कांताबाईंनी होडीचं विचारणं सोडलं होतं, पोरीला मात्र वळशाच्या रस्त्याने चालत जायची सवय कर म्हणत होत्या. पोर पोटुशी. राहिला होता एकच सांधा. मी ठरवलं, आपणच लावायचा. मास्क आणला, शेडमध्ये मोठा पंखा लावला.

"पाय मी धरतो," भाऊजी म्हणाले. उभं राहायचीही ताकद आली नव्हती त्यांना. "दुसरा कोनी तुमच्या लाथा खाऊन सोडून देईन."

मी आत गेले. रेझिनचा वास, उकाडा, बॅटरीचा पिवळा उजेड, बाकी काही नाही. पट्ट्या लावल्या, ब्रशने दाबल्या, एका पट्टीखाली हवेचा बुडबुडा राहिला होता तो बोटाने काढला. मग म्हटलं, "झालं. ओढा."

बाहेर आले, अंग कोरडं. भाऊजी जमिनीवर बसले होते, माझे दोन्ही घोटे छातीशी धरून. खालचा ओठ फाटलेला, शर्टावर रक्त. मागून कांताबाईंनी त्यांना कमरेला धरलेलं.

"झालं म्हटलं ना मी, सोडा आता."

"तुमी कवा म्हनलं? वहिनी, आत गेल्यापासून तुमी नुसत्या लाथा मारून राह्यल्या."

मी कांताबाईंकडे पाहिलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. माझ्या घोट्यांवर बोटांचे काळेनिळे वळ उठले होते.

सांधा पक्का बसला आहे. होडी पाण्यात आहे, भाऊजीच चालवतात, बायका पलीकडे जातात, मोऱ्या गळत नाहीत. कारण मला आजही सांगता येत नाही. सांगता येतं ते एवढंच — आत मी अगदी शांत पडून काम करत होते, मला कसलीही भीती वाटली नव्हती. आणि भाऊजींनी हात सोडले असते, तर मला ते कळलंही नसतं.